सातवा डबा

सात वीसला लोकमान्य नगरच्या कोपऱ्यावर
कचरागाडीचं गाणं लागतं,
आणि आमच्या घरात अशी पळापळ
जशी वरात दारात, आणि नवरी अजून मोरीत.

नानांचा डावा कान गेलाय, उजवा जायच्या बेतात.
तरी सगळ्यांच्या आधी "आली" म्हणतात तेच.
तळव्यांना कळतं म्हणे, फरशी थरथरते.
यंदापासून आमच्या गल्लीतली गाडी बॅटरीवर चालते.
हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

श्रीपाद अर्ध्या गालाला फेस घेऊन ओला डबा उचलतो,
मी सुका,
निहार काहीच उचलत नाही, तो तपासतो.
तिसरीत त्याला स्वच्छतेचा बिल्ला मिळाला
तेव्हापासून चहाचा चोथा चुकीच्या डब्यात सापडला
की घरात कोर्ट बसतं.
"संत्र्याचं साल वाळलं तर ते सुकं का?"
"नाही, ओलंच."
"आणि नानांची जुनी कवळी?"
नानांना हे मात्र बरोबर ऐकू येतं.

गाडीवर सुगनाबाई असते.
गाडीला सहा कप्पे, सुगनाबाईला डोळे दहा.
एकदा गाठ मारलेल्या पिशवीतला घड्याळाचा सेल
तिनं नुसत्या वजनावरून ओळखला.
"भाभी, ये अलग."
मी हात पुढे केला, शाळेत छडीसाठी करायचे तसा.

परवा तिनं गाडी थांबवली, गाणं चालूच,
आणि जॅकेटच्या खिशातून काढला
एक चुरगळलेला कागद.
विजेचं बिल, मार्चचं, पाठीमागे माझं अक्षर.
"हाथ का लिखा था, तो फेंका नहीं.
पढ़ तो लिया, पर मराठी है ना."
मागं हॉर्न. एक स्कूटरवाला, मग दूधवाला.
"लिखा क्या है?"

काय सांगणार.
दोनच ओळी होत्या, भाजी चिरताना सुचलेल्या,
रागात बोळा केलेल्या:
तिसरी शिट्टी होईपर्यंत
मी माझी आहे.
भर गल्लीत, हातात रिकामी बादली घेऊन
मी त्यांची हिंदी केली.
हिंदीत त्या आणखीच बावळट वाटल्या.
सुगनाबाईनं जरा विचार केला.
"तीन? मेरी दाल तो दो में गल जाती है."
आणि गाडी पुढं गेली, पाटणकरांच्या फाटकाशी.

दिवसभर बँकेत, पासबुकं छापताना, आठवून हसत होते.
मंडलोईनं खिडकीतून विचारलं, लॉटरी लागली का?
वीस वर्षांत माझ्या ओळींवर
इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

रात्री दोन शिट्ट्यांवर गॅस बंद केला.
नाना म्हणाले, "डाळीला दात आलेत, माझ्याआधी."
श्रीपाद मुकाट्यानं जेवला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं.
हे प्रेम असेल.
भूकही असेल.

बिल निहारनं मागून घेतलं.
बुटांच्या खोक्यावर स्केचपेननं लिहिलं: ७.
"यात काय टाकायचं?"
"जे गाडीला द्यायचं नाही ते."
माझा गळा दाटायच्या बेतात होता,
तेवढ्यात त्यानं त्यात अर्धा खाल्लेला पेरूही ठेवला,
नंतरसाठी.

आज सकाळी खोक्याला वास सुटला.
पेरू ओल्यात गेला.
बिलावर गुलाबी डाग पडलाय, नेमका 'माझी'वर.
मी तो पुसत होते, आणि डागाशेजारी
तिसरी ओळ सुचत होती, बहुतेक,
तर नाना म्हणाले, "आली."
श्रीपादच्या अर्ध्या गालावर फेस.