थकबाकी

माझं अक्षर बरं आहे, हे सगळ्या मंडळीला ठाऊक.
म्हणून बाप्तिस्म्याचे दाखले,
संडेस्कूलच्या बक्षिसांवरची नावं,
नाताळच्या नाटकातली हेरोदाच्या महालाची पाटी,
सगळं माझ्याकडेच येतं.
मार्चअखेर सेक्रेटरींनी कागद पुढे सरकवला
आणि मी पट्टी लावून, हिरव्या शाईनं लिहिली
वर्गणी न भरलेल्या सभासदांची यादी.
एकोणीस नावं. एकही खाडाखोड नाही.
"छान झालीय," कुणीतरी म्हणालं.
मलाही तसंच वाटलं.

चार टाचण्या. दाराजवळचा फलक.
वर उपासनेची वेळ, खाली माझी यादी.

त्या रविवारी पाळकसाहेब शरीराविषयी बोलले:
हात, पाय, डोळा, अगदी करंगळीसुद्धा.
घोडपदेवच्या नाक्यावर कुणाच्या तरी वरातीचा बँड वाजत होता,
तरी उपदेश चांगला झाला.
मी मान डोलावली. माझी मान डोलतेच,
कधी पटल्यामुळे, कधी पंख्याखालच्या झोपेमुळे.
मग अंगणात चहा, आणि चहावर वाद:
एसी आधी की गच्चीची गळती आधी.

मी दान मोजतो. दोघांनी मोजायचं, असा नियम आहे,
विश्वास नाही म्हणून नव्हे, मोह आहे म्हणून.
दहाच्या नोटा वेगळ्या, नाणी वेगळी.
कधी पाकिटातून नुसती चिठ्ठीच निघते,
"मुलाच्या नोकरीसाठी प्रार्थना करा."
ती कुठल्या खात्यात धरायची, अजून कळलेलं नाही.

तीस वर्षं मोजतोय.
नव्याण्णव मोजण्यात माझा हात कोण धरेल?
पण चौथ्या बाकाची कड रिकामी आहे
हे विचारलं माझ्या चार वर्षांच्या नातीनं:
"गोळीवाल्या आजी का येत नाहीत?"
उपदेश लांबला की फिबीबाई मकासरे
तिच्या मुठीत लिमलेट सरकवायच्या.
तीन रविवार झाले होते.
यादीत बारावं नाव.

रे रोडच्या अलीकडे, चौथा मजला, जिन्यात सायकली.
साडीला फॉल लावत बसल्या होत्या.
आजारी नव्हत्या. तेच अवघड गेलं.
आजारी असत्या तर प्रार्थना केली असती,
आमेन म्हणून खाली उतरलो असतो.
"मशीन दोन महिने बंद होतं," त्या म्हणाल्या,
"भरणारच होते."
मग दातानं दोरा तोडत:
"अक्षर सुंदर आहे हो तुमचं.
लांबूनसुद्धा वाचता येतं."

जेवायची वेळ होती. उठू दिलं नाही.
जवळ्याची चटणी, कांदा, आणि टोपलीत एकच भाकरी.
मोडून अर्धी माझ्या ताटात.
महिन्याच्या पहिल्या रविवारी रांगेत उभं राहून
आयुष्यभर घेतलेत मी ते चौकोनी तुकडे,
उजव्या तळव्यावर, मान खाली घालून,
अलगद उतरायचे.
हा घास उतरेना. ठसका लागला.
पाणीही त्यांनीच दिलं.
माफी मागितली मी, पण दाराबाहेर,
चप्पल शोधता शोधता.
वाटतं, त्यांना ऐकू गेली नाही.

यादी काढली. "कमिटीचा ठराव आहे," सेक्रेटरी म्हणाले.
"असेल," म्हटलं, आणि कागदाची घडी
खिशात घातली. अजून तिथंच आहे.
फार काही केलं असं नाही.
फलकावर टाचण्यांची चार भोकं दिसतात
आणि माझ्या अठरा घरांचे जिने चढायचे राहिलेत.

पुढच्या रविवारी फिबीबाई आल्या,
दुसऱ्या गीताच्या वेळी, आणि चौथ्या बाकावर नाही,
अगदी मागे, दाराशी टेकून बसल्या.
उपदेश सुरू झाला.
नात माझा हात सोडून खाली उतरली
आणि पीं पीं वाजणाऱ्या चपलांनी
मधल्या वाटेनं निघाली.
कुणी तिला गप्प केलं नाही.
मी मोजली, बावीस पावलं.
पाळकसाहेब बोलायचे थांबले.
चपला थांबल्यावर पुन्हा तोंड उघडलं त्यांनी,
पण कुठपर्यंत आलो होतो
ते त्यांना काही आठवेना.