मालाचे वर्णन

नागपूर स्टेशन, पार्सल ऑफिस, रात्रीचे दोन.
बुटीबोरीच्या बांधकामावरचा ओदेलू
काउंटरवर ठेवतो
गोधडीत गुंडाळलेलं, चाकाएवढं काही.
वरंगलला जायचंय. पोरीकडं.
मी फॉर्म ओढतो. मालाचे वर्णन?

डप्पू, तो म्हणतो,
ओठ दोनदा मिटून,
जणू बोटानं कातडं तपासतोय.

दफ लिवा साहेब, काट्यावरचा शफीक म्हणतो,
ताजबागेकडं आमचे दफच म्हणतात.
अरे डफली है डफली, चहावाला दुबे.
झाडू टेकून सुगरता थांबते:
डफडं होय ना बाप्पा ते!
इतलंबी नाही माहीत?

कुठून निघाला असेल हा शब्द,
उंटावरून, गलबतातून,
की इथूनच गेला तिकडं आणि परत आला
नाव थोडं बदलून, कोण जाणे.
एका तोंडात ओठ घट्ट मिटतात,
दुसऱ्यात किंचित फट राहते.
फरक काय तो तेवढ्या वाऱ्याचा.

पेन उघडं धरून मी बसलोय.
आमच्या घरात हा शब्द नव्हता.
छप्पनच्या दसऱ्यानंतर आजानं
तो मौद्याच्या विहिरीत टाकला, वस्तूसकट.
लोकांच्या लग्नात पुढं, मयतीत पुढं,
जेवायला मात्र मागं:
पुरे झालं, म्हणाला.
बापानं उच्चारला नाही.
शाळेत मला ड डब्याचा होता. बरं झालं.

पोरगी बजाती, ओदेलू सांगतो, कालेज में,
स्टेजवर, मान अशी वर करून.
आणि स्वतःची मान वर करून दाखवतो.

कातडं दमट झालंय.
दुबे कुरकुरत स्टोव्ह मोठा करतो.
ओदेलू शेकतो, फिरवतो, कान लावतो,
पुन्हा शेकतो.
मग एकच काडी.
सहा नंबरवरचं कुत्रं उठून बसतं.

मला काही आठवलं नाही.
आठवायला घरात ठेवलंच नव्हतं काही.
फक्त काउंटरवरचा टाचण्यांचा डबा
जरा वेळ थरथरत राहिला.

गजभिये साहेब, गाडी लागली, शफीक म्हणतो.
मी लिहितो: डप्पू. एक नग.
वरची पावती त्याला.
खालची आमच्या फायलीत.
कार्बन घसरला असावा:
प्पू नीट उमटलेला नाही,
कुणी डफही वाचेल.