बादलीतलं फडकं

नाटकात अमेरिका होती.
एकाच रस्त्याच्या अल्याड-पल्याड दोन शाळा,
आणि घरांच्या किमतीवरून ठरायचं
कुठल्या पोराला किती पुस्तकं.
हे यशोधनने लिहिलं, तीन रात्री जागून,
मुलुंडला, अकराव्या मजल्यावर.

मी लाइट्सना होते.
मला एवढंच ठाऊक:
श्रीमंत शाळेला पिवळा, गरीब शाळेला निळा.

दुसऱ्या प्रवेशात छत गळतं.
यशोधन म्हणाला, बादली ठेवा,
थेंब मोबाइलवरून वाजवू.
वाजवला. टप्. टप्. टप्.
अहिरे कोपऱ्यात बाईंच्या झग्याला टाके घालत होती.
मान वर न करता म्हणाली,
"असा नाही वाजत.
रिकाम्या बादलीत आधी ठण्ण होतं,
बोटभर पाणी साठलं की आवाज बदलतो.
बाईंचं काहीच ऐकू येत नाही,
म्हणून तळाला फडकं टाकायचं.
ते काम पहिल्या बाकावरच्या मुलीचं."

हॉल गप्प.
मग यशोधनची टाळी. "बाप रे, काय रिसर्च!
कुठल्या राज्यातलं?"
"चौथी ब," ती म्हणाली.
सगळे हसले. मीही.

स्पर्धेत फडकं ठेवलं.
मागच्या रांगांना ते दिसलंही नसणार.
पण पाणी त्यावर पडू लागलं,
ठण्ण एकदम थांबलं,
आणि अख्खं नाट्यगृह
बाई काय शिकवतायत ते ऐकायला पुढे झुकलं.
परीक्षक म्हणाले, अमेरिका हुबेहूब उभी केलीत.
करंडक. फोटो. यशोधन रडला,
आणि ते नाटक नव्हतं.

मी वायर गुंडाळत बसले.
माझी शाळाही चेंबूरलाच, नाल्याच्या ह्या बाजूला.
आमच्या गच्चीवरून त्यांचं मैदान दिसायचं,
मैदान म्हणजे टँकर उभा राहायची जागा.
पी.टी.चे सर सांगायचे,
तिकडे बॉल गेला तर आणायला जायचं नाही.
नवा मिळायचा.
दहा वर्षांत किती गेले असतील,
कुणी मोजले नाहीत.

अहिरेने फडकं पिळलं, झटकलं,
विंगेतल्या दोरीवर वाळत टाकलं.
मी म्हटलं, "तुमच्याकडे आमचे बॉल..."
"हो," ती म्हणाली, "यायचे."
आणि बादली उचलून निघाली.
शिपाईमामांची होती ती,
सातच्या आत परत द्यायची होती.