तर बंद

मंगळवारी बाजारात सुगंधाबाई नान्हे
सुकट बांधून देतात
समुद्राकाठच्या पेपरात.
पोत्यांबरोबर येते ती रद्दी,
आठ-पंधरा दिवस शिळी,
तिकडे ओली असेलही,
नागपूरच्या उन्हात पापडासारखी कडक.

मी महानगरपालिकेत, आवक-जावक लिहितो.
वाचायची खोड जात नाही.
पाव किलो जवळा डब्यात ओतला
की कागद ओट्यावर पसरतो:
खारशेतच्या शाळेला पाच महिने गणिताचे मास्तर नाहीत.
बर्फाचा कारखाना पुन्हा बिघडला.
तांबडी गाय हरवली आहे, डावे शिंग मोडके,
आणून देणाऱ्यास योग्य इनाम.
आणि ठळक अक्षरांत
सावरबंदर–खारशेत तर बंद.

मला वाटलं, वाक्य अर्धंच छापलं.
तर बंद. म्हणजे जर काय?
दोन दिवस मी तो जर शोधत होतो
फाटलेल्या कडेशी.
मग कचेरीतल्या पेडणेकर बाई हसल्या,
अहो, तर म्हणजे नाव, खाडी ओलांडायची.
माणसं, मोटारसायकली, कोंबड्या, नवरी,
सगळं तिच्यावरूनच जातं.

सुगंधाबाईंना सांगितलं.
तराजू त्यांच्या हातातच राहिला.
"मंग लोक पल्याड जातेत कसे?"
त्यांचा सासरा गोरेवाड्याच्या तलावात डोंगा घालायचा.
समुद्र त्यांनी पाहिलेला नाही.
लुगड्यातून त्याचा वास मात्र जात नाही,
बसमध्ये बाजूची सीट रिकामी राहते.

तेव्हापासून कागद आधी माझ्यापुढे.
"वाचा जी, मंग बांधतो."
मी वाचतो. शेजारचा लसूणवाला
दर मंगळवारी एकच विचारतो,
"गाय मिली क्या, साहब?"
गाय मिळाली नाही.
मास्तर आले, पण भूगोलाचे.

एका तुकड्यावर होतं:
'धनसागर' नौका, पाच खलाशी,
सोमवारपासून संपर्क नाही, गावकरी बंदरावर.
खाली तेलाचा डाग, डागाखाली
पान चारवर.

सुगंधाबाईंनी पोतं उपसलं.
मागच्या आठवड्याची गिऱ्हाइकं एकेक आठवली:
पाचपावलीच्या दोघी, एक पोलीस,
टाकळीची नर्स, अंडं-बोंबील नेणारी.
पान चार कोणाच्या चुलीत गेलं कोण जाणे.
"तुमच्या हापिसातून फोन लावा नं."
कुठे?
"तिथं. बंदराले."
लावतो म्हणालो.
लावला नाही.

त्याच महिन्यात जावक क्रमांक ११८६.
पदपथावरील विक्रेते, सात दिवसांत, अन्यथा.
सही साहेबांची, अक्षर माझं.
"अन्यथा"खाली मी रेघसुद्धा ओढली होती,
पट्टी लावून.
आमच्या पेपरात चार ओळी आल्या
कूलरच्या जाहिरातीवर.
नाव चुकलं होतं: सुगंधा नन्हे.

आता ती जागा धुतलेली आहे,
तरी कुत्री येऊन हुंगतात.
कोणी म्हणतं जरीपटक्याच्या पुलाखाली बसते,
कोणी म्हणतं लेकीकडे गेली, पवनीले.
लसूणवाला आता गल्लीच्या तोंडाशी हातगाडी लावतो.
मला बघून गायीचं विचारत नाही.

संत्र्यांची खोकी इथून तिकडे जातात,
आतून आमचेच पेपर.
खारशेतला फळ सोलता सोलता
कोणी ते वाचलंही असेल,
शेजारणीला म्हणालंही असेल,
मगे ती बाई बसता खंय आता?
किंवा नसेल. सालं गोळा करून
गुंडाळून टाकलं असेल.

आज पेडणेकर बाईंच्या भावाकडून
बंदर कचेरीचा नंबर मिळवला.
जेवणाची सुट्टी आहे, साहेब बाहेर.
घंटी वाजते आहे, लांबून,
मध्ये वाऱ्यासारखा आवाज.
विचारायचं काय, ते कागदावर लिहून ठेवलंय:
पाच खलाशी. मग, जमलं तर, गाय.
उचललाच कोणी,
तर