शून्य अंशावर

ताळगावच्या पठारावर, विभागाच्या गच्चीत
आमच्या चार पाट्या आडव्या पडून असतात,
काळ्या कागदात गुंडाळलेल्या, जांभ्या दगडांनी दाबलेल्या.
दामासियान रोज सकाळी कावळ्यांची घाण पुसतो
आणि विचारतो, "कितले पडले गो आयज?"
जणू मी बाजारभावच सांगणार आहे.

मी सांगते. पडतात ते म्यूऑन.
कुठूनसा आलेला एक कण
वीस किलोमीटर वर हवेवर आपटतो,
त्याचे तुकडे, तुकड्यांचे तुकडे,
आणि खाली पोचेपर्यंत
बांबोळीपासून दोनापावलापर्यंत झोड.
संगणक म्हणतो, इतके यायला हवेत.
पाट्या म्हणतात, जास्त आले.
परदेशी माळरानांवरच्या पाण्याच्या टाक्याही
पाट्यांच्याच बाजूने साक्ष देतात.

दामासियान पूर्वी आजोशीच्या मानशीवर होता.
भरतीला दारं आपोआप मिटायची, ओहोटीला उघडायची,
तोंडाशी जाळं, जाळ्यात सुंगटं.
अंदाजापेक्षा जास्त सुंगटं आली, तो म्हणतो,
तर आम्ही सुंगटांवर संशय घेत नव्हतो.
खाली उतरून दार बघायचो.

आमचं दार जिनिव्हाजवळ, जमिनीखाली.
तिथं यंदा प्रोटॉन सोडले ऑक्सिजनवर,
आपल्याच हवेतला ऑक्सिजन,
दामासियानच्या विडीत जळतो तोच.
टक्कर झाली की सगळे बाजूला उडालेलं बघतात,
नारळ फुटल्यावर पोरं शकलांमागे धावतात तसे.
पण ऊर्जा बाजूला जात नाही फारशी.
ती सरळ पुढे निघून जाते,
आणि एकशेचाळीस मीटरवर, शून्य अंशाच्या आसपास
तळहाताएवढं एक यंत्र
तिच्या वाटेत बसून असतं.

ऑलिंडा मोंतेरोने रात्रपाळी संपवून आलेख पाठवला.
खाली एवढंच: "तटस्थ पायॉन
तुझ्या गणितापेक्षा कमी. झोपते आता."
तटस्थ कमी, म्हणजे प्रकाशात उधळलेलं कमी,
वाचलेलं म्यूऑनच्या वाट्याला.
मी आकडा भरला. नऊ तास मशीन तापलं.
निम्मी तफावत मिटली.
निम्मी आहे तशीच.

दामासियानला सांगितलं.
त्याने विडी दगडावर विझवली.
"दार एकूच आसा काय गो?"

मला उत्तर आलं नाही.
तो तिसरी पाटी पुसत होता, पंजा पसरून,
आणि त्या पंजातून मिनिटाला शंभरएक
त्याला न कळता
जांभ्यात उतरत होते.