टेपर

मे महिना, दुपारचे अडीच,
विश्रामबागेत क्लासच्या जिन्याखाली आम्ही पालक उभे.
दहावीचा निकाल अजून बोर्डाच्या पोटात
आणि अकरावीचा पहिला धडा आजपासून सुरू.
रेलिंगला हात लावला तर चटका.
मी शिफ्ट बदलून घेतलीय,
बदल्यात रविवार दिलाय.

चौगुले सर माइकवर बोलले.
माइकची गरज नव्हती, आम्ही सतराजण होतो.
"फी भरली म्हणजे संपलं, असं समजू नका.
रोज अर्धा तास मुलांजवळ बसा.
काय शिकला, विचारा."
मगदूम वहिनींनी वहीत लिहून घेतलं,
अर्ध्या तासाखाली दोन रेघा मारल्या.
मी हात बाकाखाली घेतले.
नखांतलं काळं रॉकेलनंही निघत नाही.

बसायचं, म्हणजे कुठं बसायचं?
दोन खोल्या. टीव्ही बंद केला.
बायकोनं कुकर आधीच लावून टाकला.
मी हर्षालीच्या समोर बसलो,
पंचापुढं बसतात तसा.
"काय शिकलीस?"
"फंक्शन."
"बरं."
अर्ध्या तासातली एकोणतीस मिनिटं उरली.

आठ दिवस असंच.
ती लिहायची, मी घड्याळ बघायचो,
मधेच तिच्या पेन्सिलीला टोक काढून द्यायचो.
तेवढं जमतं मला.
एक सूत इकडं-तिकडं नाही.

नवव्या दिवशी ती अडली.
वहीत शंकू, वरनं कापलेला.
कोन काढायचा होता,
खोडून खोडून कागद पातळ झालेला.
मी म्हणालो, थांब जरा.
मोठ्या तोंडातनं लहान तोंड वजा कर.
भागिले लांबी. त्याचं निम्मं कर.
आता तक्ता बघ.

तिनं मान वर केली.
"पप्पा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

दस्तगीर मिस्त्रीनं.
ब्याण्णव साली, मिरजेतल्या एका शेडमध्ये,
टेपर बिघडवला म्हणून
आधी कानाखाली एक देऊन.
लेथमागच्या भिंतीवर त्याचा तक्ता होता, खडूचा,
खांदे घासून घासून अर्धा पुसलेला.
पाठ आहे मला अजून:
एक अंश, सतरा.
पाच अंश, सत्त्याऐंशी.
दहा अंश, एकशे शहात्तर.
कशाचे, ते त्यानं सांगितलं नाही.
त्यालाही ठाऊक नसावं.

"पप्पा, हा टॅन आहे!"
एसटी स्टँडवर अचानक कुणी पाहुणा दिसावा
तशी ओरडली.
टॅन.
तीस वर्षं ज्याच्या जिवावर घर चाललं
त्याचं नाव मला त्या रात्री कळलं.
आणि ह्याच गड्यानं मला
भूमितीच्या पेपरात दोनदा पाडलं होतं.
तेव्हा तो फळ्यावर होता, कोट घालून.
ओळखणार कसा?

उत्तर मात्र चुकलं.
पुस्तकानं पुरा कोन विचारला होता,
मी अर्धा काढून दिला.
लेथला अर्धाच लागतो.
तिनं गुपचूप दुप्पट केली
आणि पान उलटलं.

काल कॉलेजचा फॉर्म भरायला बसलो.
उत्पन्नाचा दाखला, फोटो, आईचं नाव,
मग एक रकाना: पालकाचे शिक्षण.
मी म्हणालो, नववी लिही. पास झालेलं लिहावं माणसानं.
तिनं थोडा वेळ पेनचं टोपण चावलं.
मग लिहिलं, दहावी.
आणि पुढं कंसात, मुंगीएवढ्या अक्षरात:
गणित बाकी.

अगं, खोडाखोड झाली तर फॉर्म परत येईल.
"बाकी म्हणजे नापास नव्हे," ती म्हणाली,
"बाकी म्हणजे राहिलंय."

सतरा नंबरचा का कसला तो अर्ज
तिनं कुठनंतरी आणून
कॅलेंडरच्या खिळ्याला लावलाय.
मी अजून हो म्हटलेलं नाही.
फक्त कुकर तेवढा
उद्यापासून साडेआठलाच लावा म्हणालोय.