म्हातारीची थंडी

फेब्रुवारी सरला तरी मंगफमध्ये
दार उघडलं की शमाल आत येतो,
आधी वाळू, मागून वारा.
मी म्हणते, ये बाबा, बस,
चपला तेवढ्या बाहेर काढ.

परवाच हीटर माळ्यावर टाकला होता.
आज परत उतरवला.
लावला की जळक्या धुळीचा वास येतो,
गेल्या वर्षीच्या धुळीचा,
म्हणजे तसा ओळखीचाच.

दोन सुलट, दोन उलट.
पाठ होत आली. गळ्यापाशी आलेय.
गळ्यापाशी येऊन थांबायची माझी सवय जुनी.

रजब, आमच्या इमारतीचा राखणदार,
सिलिंडर घेऊन आला, सुयांकडे बघून हसला.
म्हणाला, मॅडम, ही शेवटची.
हिला म्हातारीची थंडी म्हणतात.
एका म्हातारीला वाटलं, संपला हिवाळा,
तिने मेंढ्या भादरल्या,
आणि मग आठ दिवस असा वारा सुटला
की एक मेंढी उरली नाही.
एवढं सांगून त्याने रिकामा सिलिंडर खांद्यावर घेतला,
वरचे सुटे खिशात टाकले, गेला.

गोष्ट मात्र ओट्यापाशीच राहिली,
ढिल्या रेग्युलेटरसारखी बारीक सुस्कारत.

आमच्याकडची म्हातारी आभाळात हरभरे भरडते.
तिचं बरं आहे, जातं आहे, काम आहे.
हिच्याकडे काय?
ढीगभर लोकर, आणि दाराशी गोळा झालेल्या
उघड्या पाठींच्या मेंढ्या.

एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर.
एक टाका जास्त आलाय.
निसटलेला कळतो, भोक पडतं,
पण हे जास्तीचे कुठून येतात?

लोकर मुबारकियातल्या इराण्याकडची, मोरपंखी.
शार्दूल तेव्हा चार वर्षांचा होता.
इथली थंडी दीड महिन्याची, स्वेटर कधी पुरा व्हायचा नाही,
पुढच्या वर्षी तो वाढलेला असायचा.
मग उसवायचं, टाके वाढवायचे, एक गुंडी नवी आणायची.
इराणी शपथेवर सांगायचा, तोच रंग.
तोच नसायचा.
आता पाठीवर पट्टे आहेत, कुठला कुठल्या सालचा
ते मलाच ठाऊक.

शार्दूल पुण्याला हॉस्टेलवर.
फोनवर म्हणतो, आई, इथे पंखा लागतो.

आता कुणासाठी, विश्राम विचारतो.
नाव विश्राम, आणि बावीस वर्षं रात्रपाळी.
अजून दोन वर्षं, मग परत जायचंच आहे, म्हणतो.
ही लोकर एक गुंडी होती तेव्हाही
दोनच वर्षं उरली होती.
मी म्हणते, हात वर कर, माप घेऊ दे.
तो हात वर करतो आणि तसाच जांभई देतो.

मला वाटतं, रजबला गोष्ट अर्धीच कुणी सांगितली.
म्हातारी काही आठ दिवस रडत बसली नसेल.
वारा सुटल्यासुटल्या तिने कातायला घेतलं असेल,
बोटं ताठ, लोकर तेलकट,
पहिल्या मेंढीचं माप घेतलं असेल वितीने,
मानेपासून शेपटीपर्यंत,
चार पायांना चार बाह्या, वेडी कुठली,
आणि मेंढी उभी राहिली असेल गुमान
शार्दूल राहायचा तशी.
आठ दिवसांत किती होणार?
एक. फार तर दीड.
त्या दीड मेंढीचं कुणी सांगत नाही.

रात्री दिवा मालवून
गाऊनला चिकटलेलं विणकाम सोडवते,
कोरड्या हवेत चट्‌चट् निळ्या ठिणग्या उडतात.
विश्राम पाळीवर. बघायला कुणी नाही.
परत मांडीवर घेते. परत सोडवते.

त्र्याहत्तरावा टाका
आहे तसाच ठेवलाय.